तीन नंबरच्या टर्मिनलवरची अर्धी आज्ञा

आमच्या ऑफिसातली तरुण मंडळी मला हसतात. संगणकाला काही सांगायचं असलं की ती दोन अक्षरं टाइप करतात, एक कळ दाबतात आणि उरलेलं वाक्य यंत्र पुरं करतं. मी मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं हातानं लिहितो, वाचतो, पुन्हा वाचतो आणि मग एंटर दाबतो. काही पुसायचं असेल तर आधी यादी काढून बघतो, मी नेमका कुठे उभा आहे ते. परवा एकजण म्हणाली, "सर, तुमचा मशीनवर विश्वासच नाही." मी हसून वेळ मारून नेली. खरं म्हणजे मशीनबद्दल माझी तक्रार नाही. मशीनसमोर बसलेल्या माणसावर माझा विश्वास नाही, आणि बहुतेक वेळा तिथे मीच बसलेला असतो.

संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या. गमती भरपूर आहेत, त्यातल्या एकदोन येतीलही. पण लिहायला बसलो की हात एकाच दिवसाकडे जातो. तो दिवस मी बरीच वर्षं कोणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी रसायनीच्या एका रासायनिक कारखान्यात संगणक विभागात होतो. मी कर्जतचा. सकाळी कंपनीची बस कर्जतहून निघायची, चौकला काही मंडळी चढायची आणि मोहोपाडा आलं की वासावरूनच कळायचं, आज कोणता प्लँट चालू आहे ते. विभाग म्हणजे प्रयोगशाळेशेजारची एक खोली. त्या खोलीत कारखान्यातला दुसरा एसी होता. पहिला जनरल मॅनेजरांच्या केबिनमध्ये. त्यामुळे मे महिन्यात आमच्याकडे चौकशीला येणाऱ्यांची संख्या फार वाढायची. चपला बाहेर काढून आत यायचं, असा नियम होता. धुळीसाठी केलेला. पण प्लँटवरची माणसं देवळात आल्यासारखी आत यायची आणि हलक्या आवाजात बोलायची. एका फिटरनं तर जाताना मशीनला हात लावून तो कपाळाला लावलेला मी पाहिला आहे.

मशीन एकच, कपाटाएवढं, आणि त्याला जोडलेली चार टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक; डोकं सगळं कपाटात. प्रयोगशाळेत प्रत्येक बॅचची तपासणी व्हायची, ती आकडेवारी कागदावरून आम्ही मशीनमध्ये भरायची आणि रोज त्याचा गोषवारा छापून वर पाठवायचा, हे आमचं मुख्य काम. भरून झालेले कागद जायचे हुसेनभाईंकडे.

हुसेनभाई रेकॉर्ड रूम सांभाळायचे. मूळचे किनाऱ्याकडचे, पण वडिलांपासून इकडेच स्थायिक. संगणक आल्यावर त्यांना सांगितलं गेलं की महिना झाला की कागद रद्दीत द्या, आता सगळं मशीनमध्ये असतं. ते "हां साहेब" म्हणाले आणि एकही कागद दिला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाय, मान्य. पन मशीनला सांगनारा मानूसच हाय ना, बाबा?" तेव्हा मला ते जुनाट वाटले होते.

आता मला थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

त्या मशीनवर युनिक्स नावाची व्यवस्था चालायची. चित्रं नाहीत, माऊस नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तुम्ही एक ओळ लिहून आज्ञा द्यायची, मशीन ती पाळणार. तुमची ओळ वाचून आत पोचवणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला शेल म्हणतात. ऑफिसच्या दाराशी साहेबांचा माणूस बसलेला असतो ना, तसा. तुम्ही थेट साहेबांशी बोलत नाही, त्याच्याशी बोलता.

आमच्याकडे असे दोन शेल होते, ज्याला जो आवडेल तो घ्यावा. एक जुना, साधा. तो ऐकायचा, आत सांगायचा आणि विसरून जायचा. कालचं सोडा, मिनिटापूर्वी काय सांगितलं तेही त्याला आठवायचं नाही. प्रत्येक वेळी पूर्ण सांगा. पण तो मशीनची जागा फार थोडी खायचा आणि त्याच्या भाषेत लिहून ठेवलेली कामं वर्षानुवर्षं बिनतक्रार चालायची.

दुसरा सी शेल. हा हुशार. लांबलचक आज्ञांना तुम्ही टोपणनावं द्यायची, तो लक्षात ठेवणार. तुम्ही दिलेल्या शेवटच्या वीस-पंचवीस आज्ञांची क्रमांकवार यादी जवळ बाळगणार. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे, उद्गारचिन्ह टाकून नुसतं पहिलं अक्षर लिहिलं की त्या अक्षरानं सुरू होणारी तुमची शेवटची आज्ञा तो पुन्हा चालवणार. मी मुंबईला आठवड्याचा कोर्स करून आलो होतो, तिथे हे शिकलो. मला कोण आनंद झाला होता! हा शेल जास्त जागा खायचा. चारही टर्मिनलांवर चालू केला तर मशीन दम लागल्यासारखं थांबून थांबून चालायचं. म्हणून आमचे मॅनेजर सबनीस साहेब म्हणायचे, शक्यतो साधाच वापरा. मी ऐकायचो नाही. आम्हा दोघांचं लॉगिन एकच होतं, त्यामुळे मशीनच्या लेखी आम्ही दोघं एकच; साधा शेल घेऊनच ते उघडायचं. मी बसलो की पहिली आज्ञा द्यायचो ती सी शेल सुरू करण्याची.

आम्हा दोघांचं म्हणजे माझं आणि सुधाकर गायकवाडचं.

गायकवाड खालापूरच्या अलीकडच्या एका गावातला. घरातला पहिला बी. एस्सी. त्याचे वडील छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी, नंतर पोस्टात लागलेले. आम्ही एकाच महिन्यात रुजू झालो. कामात तो माझ्यापेक्षा सरस होता, हे मी आज लिहितो आहे. तेव्हाही मला ते माहीत होतं. रोजचा गोषवारा काढणारा प्रोग्रॅम त्याचा, साध्या शेलात लिहिलेला. मी तसाच एक सी शेलात लिहून पाहिला होता, तो आठवड्यातून दोनदा अडकायचा.

"काय रं वैद्या," तो पाठीमागच्या चार नंबरवरून म्हणायचा, "तुझा तो हुशार आज चालतोय का बसलाय?"

"तू बस टंकत. मी एका अक्षरात काम उरकतो."

"तुला घाई हाय, मला नाय. मी सांगीन तेवढंच त्यानं करावं. जास्तीचं नको."

त्याची एक सवय सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. त्याच्याकडे दोनशेपानी वही होती आणि दिलेली प्रत्येक महत्त्वाची आज्ञा तो वेळेसकट तीत लिहायचा. सकाळी ९.४०, अमुक. ९.५२, अमुक. शेल विसरतो तर आपण लक्षात ठेवायचं, एवढा सरळ हिशेब. सबनीस साहेब त्याला चित्रगुप्त म्हणायचे. मी म्हणायचो, "मशीन फुकटात लिहून ठेवतंय, तू शाई कशाला घालवतोस?" तो म्हणायचा, "मशीनची यादी शेल बंद केला की जाते. वही माझ्या पिशवीत असते."

हे वाक्य मी विसरलो नव्हतो. त्या दिवशी मला ते बरोबर आठवलं.

त्या आठवड्यात कारखान्यात वातावरण गढूळ होतं. एका ग्राहकानं एक बॅच परत पाठवली होती, माल ठीक नाही म्हणून. त्या बॅचच्या तपासणीचे आकडे वरच्यांनी मागितले होते. दोन दिवसांत ग्राहकाची माणसं येणार होती. प्लँटवाले प्रयोगशाळेवर संशय घेत होते, प्रयोगशाळा प्लँटवर. कॅन्टीनमध्ये दोन टेबलं वेगळी झाली होती. आणि गायकवाडचा मेव्हणा त्याच प्लँटवर, त्याच पाळीला ऑपरेटर होता. तोवर या गोष्टीत कोणाला काही वावगं दिसत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. मुंबईला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आमच्यापैकी एकाला पाठवायचं ठरत होतं. परतल्यावर तो विभागाचा प्रमुख होणार. सबनीस साहेबांचा कल गायकवाडकडे होता. मी हे ऐकून होतो.

सकाळची वेळ. मी तीन नंबरवर, माझ्या पाठीला पाठ लावून चार नंबरवर गायकवाड. मी माझ्या तात्पुरत्या कामाच्या कप्प्यात जमलेला कचरा साफ करत होतो. युनिक्समध्ये पुसण्याची आज्ञा दोन अक्षरांची, आर आणि एम. तिच्यापुढे चांदणीचं चिन्ह दिलं की त्या कप्प्यातलं सगळं जातं. तिथलं सगळं जायलाच हवं होतं, गेलं. मग मी प्रयोगशाळेच्या मुख्य कप्प्यात गेलो, जिथे बॅचचे आकडे होते. तिथे गेल्यावर रोजची सवय म्हणजे रिपोर्ट काढायचा. रिपोर्टच्या प्रोग्रॅमचं नाव आर-पी-टी. मी ते कधीच पूर्ण लिहायचो नाही. उद्गारचिन्ह आणि आर, बस.

त्या दिवशीही बोटं तशीच चालली.

आर या अक्षराची माझी शेवटची आज्ञा आता रिपोर्टची नव्हती. सी शेलनं नेहमीप्रमाणे अर्ध्या आज्ञेची पूर्ण ओळ पडद्यावर दाखवली. आर, एम, चांदणी. ओळ दिसते ती तुम्हाला कळावं म्हणून. कळेपर्यंत काम सुरू झालेलं असतं. कपाटात नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ खरखर झाली आणि पडद्यावर पुढच्या आज्ञेसाठी रिकामी जागा आली. युनिक्सचा स्वभाव असा की काम नीट झालं तर तो काही बोलत नाही. तक्रार असली तरच बोलतो. त्या दिवशी त्याची काही तक्रार नव्हती.

तेव्हा आजच्यासारखी पुसलेलं परत काढायला टोपली नसायची. मी यादी मागितली, यादी रिकामी आली. दर शनिवारी टेपवर प्रत घ्यायची पद्धत होती, पण टेपचं यंत्र बिघडलेलं होतं आणि दुरुस्तीला माणूस आलेला नव्हता. शेवटची धड प्रत दोन महिन्यांपूर्वीची. परत आलेली बॅच त्यानंतरची.

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते, आणि मी तिथेच उठून सबनीस साहेबांच्या टेबलाशी गेलो असतो तर ही आठवण गमतीच्या आठवणींत गेली असती.

पाठीमागून गायकवाड म्हणाला, "वैद्या, बघ रं जरा. मला फाइली दिसत नाय."

मी म्हणालो, "काय सांगतोस?"

हे दोन शब्द अगदी खरे वाटावेत असे माझ्या तोंडून निघाले. मला अजून आश्चर्य वाटतं.

मग मी माझ्या शेलकडे यादी मागितली. माझ्याच आज्ञांची. तिथे क्रमांकासकट सगळं होतं: कचरा साफ केला ती आज्ञा, कप्पा बदलला ती आज्ञा, आणि त्याखाली पुन्हा आर, एम, चांदणी. वाचून कोणालाही कळलं असतं की कोणाच्या हातून, कसं आणि किती नकळत झालं. ती यादी मला दोषी ठरवत होती आणि त्याच वेळी, हेतू नव्हता, असं सांगून वाचवतही होती. मला पहिलंच दिसलं. मी सी शेलमधून बाहेर पडण्याची आज्ञा दिली. ती मात्र पूर्ण लिहिली. यादी गेली.

दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आला. त्यानं मशीन तपासलं आणि सबनीस साहेबांना सांगितलं की बिघाड नाही, आज्ञा देऊन पुसलेलं आहे, आणि तो अधिकार आमच्या दोघांच्या लॉगिनलाच होता. तेव्हापासून "कसं गेलं" हा प्रश्न कोणी विचारला नाही. सगळे "कोणी घालवलं" यावर आले. बरोबर याच आठवड्यात, बरोबर त्याच बॅचचे आकडे!

आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. इंजिनिअरनं विचारलं, "दोघं कोणता शेल वापरता?"

"मी सी शेल," मी म्हणालो. माझी यादी कोणी मागितली नाही; सी शेलवाला काही लपवणार नाही, असं सगळ्यांनी धरलं.

"मी साधा," गायकवाड म्हणाला.

"साधा का? त्यात हिस्ट्री राहत नाही. सी शेल असता तर त्याच दिवशी निदान यादी बघता आली असती."

"म्हणून तर वहीत लिहितो," गायकवाडनं वही टेबलावर ठेवली. "सगळं वेळेसकट हाय. मी पुसायची आज्ञा त्या दिवशी एकदाबी दिलेली नाय."

सबनीस साहेबांनी वही उघडली, त्या दिवसाचं पान काढलं, वरच्या चार-पाच ओळी वाचल्या आणि मिटली. "अरे, ही तूच लिहिलेली. हिला पुरावा कसं म्हणू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वैद्य, हा नेहमी साधाच वापरतो का?"

"हो," मी म्हणालो. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, "मुद्दाम. मी कितीदा सांगितलं तरी."

यात खोटं काही नव्हतं. तो खरोखरच मुद्दाम साधा शेल वापरायचा. मशीनला ओझं नको म्हणून, आणि आपण काय सांगतो ते आपल्याला माहीत असावं म्हणून. पण त्या केबिनमध्ये, त्या दिवशी, तो शब्द कसा ऐकला जाणार आहे हे मला बोलताना कळत होतं. सबनीस साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरनं टेबलावरच्या वहीकडे. गायकवाडनं कोणाकडेच नाही, खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून पाताळगंगेच्या बाजूचं कुंपण दिसायचं.

"तुझा मेव्हणा त्याच प्लँटवर आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हाय. लपवायचं काय त्यात?"

"मी लपवलं म्हटलं नाही."

पुढचं त्या दोन वाक्यांतच ठरलं.

गेलेले आकडे शेवटी मिळाले. हुसेनभाईंनी रद्दीत न दिलेले कागद बाहेर काढले. फडक्यात बांधलेले गठ्ठे आमच्या टेबलावर ठेवत ते म्हणाले, "घ्या. कागद हाय तवर आमी हाय." ग्राहकाच्या माणसांना मूळ कागदच दाखवले गेले. त्या बॅचचे आकडे अगदी नियमात होते. माल वाहतुकीत ओल लागून खराब झाला होता, असं निघालं. म्हणजे पुसून लपवण्यासारखं तिथे काही नव्हतंच. मला वाटलं, सुटला. आता संशयाला जागा उरली नाही.

पण संशयाला जागा लागत नाही, हे मी तिथे शिकलो. कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "कागद नंतर बदलले असतील." दुसरा म्हणाला, "नाहीतर काय, ह्यांची माणसं सगळीकडे असतात." 'ह्यांची' म्हणजे कोणाची, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी डाळीत पोळी बुडवत होतो.

गायकवाडवर आरोप ठेवला नाही. त्याला काढलंही नाही. तसं काही झालं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. आता त्यावरही विश्वास नाही. झालं ते एवढंच की पंधरवड्यानं त्याची बदली गेटवर झाली, वजनकाट्यावर. ट्रक आला की भरलेला आणि रिकामा तोलायचा. मुंबईला मी गेलो. परतल्यावर विभागप्रमुख झालो. त्यानंतरची माझी प्रत्येक नोकरी त्या तीन महिन्यांच्या कागदावर मिळालेली आहे.

सकाळी बस गेटमधून आत शिरताना काट्याच्या खोपटात तो दिसायचा. टेबलावर वही. तो हात करायचा. मी खिडकीच्या बाजूला बसणं सोडलं.

माझा स्वभाव त्यानंतर बदलला. घरातून निघताना मी गॅसचं बटण तीनदा बघतो. कोणी माझ्याशी फार गोड बोललं की ह्याला काहीतरी कळलं आहे असं वाटतं. हाताखालच्या माणसांनी एखादी चूक आपणहून येऊन सांगितली तर मला आधी शंका येते, की ह्यामागे दुसरी मोठी असणार. मी स्वतः तसा वागलो, म्हणून जग तसंच असणार, हा माझा हिशेब. त्यात काही चांगल्या माणसांवर माझ्याकडून अन्याय झाला असणार. त्यांची यादीही माझ्याकडे नाही.

आणि सी शेल? तो मी पुन्हा वापरला नाही. पुढे त्याहून हुशार शेल आले. बाणाची कळ दाबली की जुन्या आज्ञा एकामागून एक समोर आणणारे, चुकलेलं अक्षर सुधारणारे. त्यांची काही चूक नाही. ज्याचा हात आणि मन एका जागी आहे त्यानं जरूर वापरावेत.

दोन वर्षांपूर्वी कर्जतला एका लग्नात हुसेनभाईंचा मुलगा भेटला. बोलता बोलता म्हणाला, गायकवाडकाका आता शेलूला राहतात, स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत. मी पत्ता घेतला. तो खिशात ठेवून चार महिने फिरलो. मग एका रविवारी गेलो.

दार त्यानंच उघडलं. केस पांढरे, बाकी तसाच. "ये रं वैद्या," म्हणाला. जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेलो होतो. चहा झाला. मुलगी बँकेत आहे, जावई शिक्षक. वजनकाट्यावर तो अकरा वर्षं होता. काट्याला संगणक जोडायचं ठरलं तेव्हा बाहेरचा माणूस जमवू शकेना, म्हणून ह्यानंच प्रोग्रॅम लिहून दिला. "साध्या शेलात," तो म्हणाला आणि हसला. "अजून चालतोय म्हणतात."

घरून वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी एकमेकांत अडकली. शेवटी म्हणालो, "सुधाकर, त्या दिवशी फाइली माझ्या हातून गेल्या."

तो उठून आत गेला. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. आला तो वही घेऊन. दोनशेपानी, कोपरे कुरतडलेले. त्यानं पान काढून माझ्यापुढे धरलं. त्याचंच अक्षर.

१०.२०, यादी. फाइली आहेत.
११.०५, यादी. फाइली नाहीत.
११.०६, कोण काय चालवतंय ते पाहिलं. ३ नंबरवर सी शेल.
११.०८, पुन्हा पाहिलं. ३ नंबरवर सी शेल नाही.

साहेबांनी वरच्या चार-पाच ओळी वाचून मिटली होती ती हीच वही. या ओळी त्यांच्या खाली होत्या, त्याच पानावर.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"दोन मिनिटांत तू तुझा हुशार बंद केलास. तू कधी जेवायला जाताना पन बंद करायचा नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर तू नाय म्हणाला असतास." त्यानं वही मिटली. "म्हणाला असतास का नाय?"

मी चहाचा रिकामा कप उचलून बशीत नीट ठेवला.

"आनि मग दोघांत कोणाचं ऐकलं असतं, तुला म्हायत हाय. मलाबी म्हायत होतं. वर आणि खोटा आळ घेतला म्हणून गेलो असतो. वजनकाटा तरी राहिला."

आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "कोण आलंय हो?"

"जुना सोबती हाय," तो म्हणाला. त्या शब्दात टोमणा होता की नव्हता हे मी अजून शोधतो आहे.

मी पिशवीतून कागद काढला. सबनीस साहेब निवृत्त होऊन पुण्याला असतात. त्यांच्या नावे पत्र लिहून आणलं होतं. आधी त्याला दाखवावं म्हणून. चांगलं तीन पानी. सी शेल म्हणजे काय, माझी सवय कशी होती, टेपचं यंत्र कसं बिघडलं होतं, त्या वयात नोकरीची भीती कशी असते, गायकवाडबद्दल मला किती आदर. त्यानं चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मग शर्टाच्या खिशातलं पेन काढलं.

पहिलं पान त्यानं आडवी रेघ मारून खोडलं. दुसरंही. तिसऱ्यावर थोडा थांबला, वरचा अर्धा भाग खोडला, खालच्या चार ओळीही खोडल्या. कागद माझ्याकडे सरकवला. मध्ये दोन वाक्यं उरली होती.

फाइली मी पुसल्या. गायकवाडचा त्याच्याशी संबंध नाही.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं पुरं हाय. सांगायचं तेवढंच सांग. जास्तीचं नको."

मी नवा कागद घेतला आणि त्याच्या टेबलावर बसून ती दोन वाक्यं अक्षर न् अक्षर लिहिली. खाली सही केली. तो बघत होता.

"वर वेळ घाल," तो म्हणाला.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ताची नाय रं. तेव्हाची."

ती वेळ मला पाठ होती, त्याच्या वहीत बघावी लागली नाही.